दिवस जाऊन राह्यले

आमच्या दवाखान्यातली दाई दुसऱ्यांची स्वप्नं पाहायची. गावात कोणी बाई अवघडलेली असली, की तिच्या वाट्याचं स्वप्न हिला पडायचं, आणि सकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून दातांना राखुंडी लावता लावता ती ते सांगायची. "काल तुह्यासाठीच झोपली होती मी," असं ती त्या बाईला अगदी उपकार केल्यासारखं म्हणे. मग नदी दिसली, नदीत डोंगा दिसला, डोंग्यात टोपली होती, टोपलीवर पळसाचं पान झाकलं होतं, असं सगळं सावकाश यायचं. अर्थ विचारला की मात्र ती पाण्यानं चूळ भरायची आणि म्हणायची, "सपन पाह्यनं माह्यं काम. अर्थ तुहा तू पाय." बायका तेवढ्यावरही खूश होऊन जायच्या.

तिचं खरं नाव काशी. पण सगळा मुलूख तिला सपनबाई म्हणायचा, आणि सरकारी पगारपत्रकात नाव लिहिताना मलाही एकदा थांबून आठवावं लागलं होतं. ब्रह्मपुरीपासून सात-आठ कोसांवर, जंगल सुरू होतं तिथे आमचा दवाखाना होता. दोन खोल्या, एक ओसरी, आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर, मी नर्स आणि सपनबाई. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि त्या नव्या कारभाराच्या लाटेत मी साताऱ्याकडची मुलगी तिकडे जाऊन पडले होते. वय बावीस, पुण्यात शिकलेली, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल मनात तिळमात्र शंका नसलेली.

येत काय होतं ते पहिल्याच दिवशी कळलं. ब्रह्मपुरीला उतरून पुढच्या गाडीची चौकशी केली तर पानठेल्यावरचा माणूस म्हणाला, "येऊन राह्यली ना बाई." मी ट्रंक उचलून धावत रस्त्यावर गेले आणि दीड तास उन्हात उभी राहिले. आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि राहिली. झाडीपट्टीत 'येऊन राह्यली' म्हणजे अजून वाटेत आहे. सपनबाईला हा किस्सा सांगितला तेव्हा ती इतकी हसली की राखुंडी पदरावर सांडली. मीही हसले. पण मी गाड्यांपुरतंच शिकले, हे मला नंतर कळलं.

ती बाळंतपणाला गेली की आधी काहीच करायची नाही. हात धुवायची, ते मात्र मी शिकवलं तसं कोपरापर्यंत, आणि मग बाईच्या पोटाला कान लावून डोळे मिटून बसायची. माझ्याजवळ लाकडी नळी होती, ती तिनं एकदा लावून पाहिली आणि परत दिली. "यातून ठोके आयकू येते, बाई. मले दुसरं आयकाचं असते," असं ती म्हणाली. दुसरं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही, कारण मला ते अडाणीपणाचं वाटलं. ती बसलेली असताना खोलीतल्या बायका गप्प व्हायच्या, बाहेर कुठेतरी होला घुमत असायचा, आणि कळा देणारी बाईसुद्धा थोडा वेळ झोपल्यासारखी शांत पडायची.

त्या वर्षी थंडीच्या शेवटी जिल्ह्याहून एक लाकडी पेटी आली. संततिनियमनाची. तिच्यात रबरी टोप्या होत्या, मलमाच्या नळ्या होत्या आणि फेसाच्या गोळ्या होत्या, नवऱ्याजवळ जाण्याआधी आत ठेवायच्या. मी लाजून ती पेटी खाटेखाली सरकवली. सपनबाईनं ती बाहेर ओढली, एकेक वस्तू उजेडात धरून पाहिली आणि मला एकच प्रश्न विचारला. "हे सारं आधीचं हाय. रात गेल्यावरचं काई हाय का यात?"

मी म्हटलं, रात्र गेल्यावर काय राहिलं? तिनं मग मला ओसरीवरून समोरच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि त्यांच्यामधला बांध दाखवला. "इकडची बांधी म्हंजे रात. तिकडची म्हंजे दिवस जानं. मधी धुरा हाय ना? रात गेली म्हंजे लगेच दिवस गेले असं नाई होत. मानूस थोडा वेळ धुऱ्यावर राह्यते. त्या धुऱ्यावरचं औषध पाह्यजे." शाळेत शिकलेलं मला आठवलं, की बी सुटून रुजायला खरोखरच काही दिवस लागतात. पण एका निरक्षर बाईनं ते बांध्यांकडे बोट दाखवून सांगावं, याचा मला थोडा रागच आला.

दुपारी शाळा सुटली की मास्तर ओसरीवर यायचे. मोठा सज्जन माणूस, कपाळाला गंध, आवाज मऊ. पेटीची बातमी त्यांच्यापर्यंत गेलीच होती. ते म्हणाले, "सपनबाई, येणारा जीव देवाच्या इच्छेनं येतो. त्याला दारातच अडवणारे आपण कोण?" मी मनातून मास्तरांच्या बाजूची होते. सपनबाई सुपातला कचरा वेचत म्हणाली, "धुऱ्यावर सांडलेलं धान उचललं तं पीक कापलं म्हनता का, मास्तर? रोवलेलं मी उपटत नाई. आजवर कोनाचंच नाई उपटलं. पन धुऱ्यावरच्या धानाचं पाप मले नोका सांगू." मास्तर म्हणाले, त्या धानातही जीव असतोच. ती बराच वेळ सूप पाखडत राहिली आणि मग म्हणाली, "असन. मले मालूम नाई. तुमाले तरी पक्कं मालूम हाय का?" मास्तर हसले, आणि मी चहा ठेवायला उठले.

फाल्गुन लागला तेव्हाची गोष्ट. सपनबाई दूरच्या गावी बाळंतपणाला गेली होती, दोन दिवसांत यायची होती. सकाळी एक बाई आली. सडपातळ, हातावर गोंदण, श्वास लागलेला. मी तिला ओळखत नव्हते. ओसरीच्या खांबाला धरून ती हळू आवाजात म्हणाली, "बाई, दिवस जाऊन राह्यले. काई तरी द्या."

मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "फागुन लागल्यापासून." मग अजून खाली मान घालून, "होळीच्या आत काम झालं पाह्यजे, बाई."

मला वाटलं मला सगळं समजलं. दिवस गेले आहेत, आणि हिला होळीच्या आत मोकळं व्हायचं आहे. माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं की असली कामं इथं होत नाहीत, हा गुन्हा आहे, आणि पापही आहे. चांगली पाच मिनिटं बोलले. शुद्ध मराठीत. तिला किती कळलं कोण जाणे. ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली, मग पदर डोक्यावर घेऊन आली तशी निघून गेली.

सपनबाई परत आली तेव्हा मी हे तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती पाय धूत होती. तिचा हात तांब्यावर तसाच राहिला. "हातावर मोराचं गोंदन होतं का?" होतं. "ते गिरजा," ती म्हणाली. "मीच बोलावलं होतं तिले. काऊन वो नर्सबाई, तुमी काय आयकलं?"

मग तिनं मला समजावलं, न ओरडता, लहान मुलाला समजावतात तसं. गिरजाचा नवरा दसरू बांबूच्या तोडीवर सिरोंच्याकडे गेला होता, होळीला परत येणार होता. मागच्या बाळंतपणात गिरजा मरता मरता वाचली होती. मूल गेलं, आणि चांद्याच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की पुढचं पोट हिला घेऊन जाईल. घरी एक लेकरू होतं. दसरूच्या येण्याआधी पेटीतलं काहीतरी घेऊन जायला ती चार कोस चालत आली होती. "दिवस जाऊन राह्यले म्हंजे दिवस सरून राह्यले, बाई. होळी जवळ येऊन राह्यली. पोटाचं असतं तं ते सरळ 'दिवस गेले' म्हनली असती."

येऊन राह्यली, जाऊन राह्यले. मी तिथेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटेच्या उजेडात निघालो. पिशवीत टोपी, मलम आणि गोळ्या. ती वाट मला आजही झोपेत दिसते. मोहाची फुलं गळायला लागली होती. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन काळी केलेली, आणि तिच्यावर ती पिवळट पांढरी फुलं टप टप पडत होती. वेचणाऱ्या बाया धुक्यात वाकलेल्या होत्या, कोणाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त टोपल्या आणि हात. हवेला गोड, जड वास होता, त्यानं डोकं हलकं व्हायचं. सपनबाई पुढे चालत होती. मला सारखं वाटत होतं की आपण पोचू, पेटीतली वस्तू गिरजाच्या हातात देऊ, आणि मी बोललेलं सगळं पुसून जाईल.

गिरजा तिच्या झाडाखालीच भेटली. आम्हाला पाहून ती उभी राहिली आणि सपनबाईला म्हणाली, "परवाच आले घरवाले. काम लवकर सरलं म्हने." मग फुलं तशीच ओंजळीत धरून तिनं विचारलं, "आता?"

मी आयुष्यात खूप प्रश्न ऐकले. इतका लहान आणि इतका मोठा प्रश्न दुसरा ऐकला नाही. सपनबाईनं पिशवी खाली ठेवली. "आता माह्याजवळ काई नाई, पोरी. तू धुऱ्यावर हायेस. हिरव्या पपईचा चीक कोनी सांगन, काढे सांगन. त्यानं पोट जळते, बाकी काई होत नाई. खोटं औषध मी तुले देनार नाई." गिरजा रडली नाही. तिनं ओंजळीतली फुलं टोपलीत टाकली आणि खाली वाकून पुन्हा वेचायला लागली. सपनबाई तिच्या शेजारी वेचायला बसली, आणि काय करावं ते न सुचून मीही बसले.

त्या दिवसापासून सपनबाई स्वप्नं सांगेना. चैत्रात गिरजाचा निरोप आला. निरोप आणणाऱ्या बाईनं स्वच्छ सांगितलं, दिवस गेले.

रोवलेलं उपटत नाही म्हणणारी सपनबाई त्या आठवड्यात डॉक्टरांपुढे हात जोडून उभी राहिली, हे मी पाहिलं आहे. "माह्यं बोलनं माह्याजवळ राहू द्या साहेब, ते बाई मरन." डॉक्टरांनी कायद्याचं नाव काढलं, आणि बाई आज तर धडधाकट आहे, असं म्हणाले. ओसरीवर आल्यावर ती मला म्हणाली, "मास्तरले मी किती सोपं करून सांगतलं होतं, नाई का?" तिच्या आवाजात मी पहिल्यांदा लाज ऐकली.

मार्गशीर्षात धान कापणीला आलं होतं. गिरजाला शेवटच्या पंधरवड्यात चांद्याला न्यायचं आम्ही ठरवलं होतं, पण कळा त्याच्याही आधी सुरू झाल्या. सपनबाईनं पोटाला कान लावला आणि या वेळी लगेच काढून घेतला. मूल झालं, मुलगी, मोठ्यानं रडली. रक्त थांबेना. बैलगाडीत गवत अंथरून आम्ही निघालो, आणि भर दुपारी, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे पुंजणे उभे असताना, गिरजा गेली. तिचा हात सपनबाईच्या हातात होता. माझ्याकडे तिनं शेवटपर्यंत एकदाही रागानं पाहिलं नाही. रागानं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दसरू गाडीच्या मागून चालत होता. बैल सोडल्यावर तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाई. सांगतलं असतं तं मी अलग झोपलो असतो." आम्ही सगळ्या बायका बायकांशीच बोललो होतो. गिरजानं लाजेनं सांगितलं नाही, तिच्या सासूनं नातवंडाच्या आशेनं सांगितलं नाही, आणि आम्ही सांगायचं असतं हे आम्हाला सुचलंच नाही. त्या दिवसानंतर सपनबाई आठवडी बाजारात पुरुषांच्या घोळक्यात जाऊन उकिडवी बसायची आणि बोलायची. पुरुष उठून जायचे. ती पुढच्या बाजारी पुन्हा बसायची.

मुलगी दसरूच्या आईजवळ वाढत होती. सहा महिन्यांची असताना आजीनं तिला लस टोचायला आणलं. मास्तर ओसरीवरच होते. पोर सपनबाईच्या मांडीवर खदखदून हसत होती, तिच्या नाकातला खडा ओढत होती. मास्तर अगदी मायेनं म्हणाले, "बघा सपनबाई, तुमची ती वस्तू वेळेवर पोचली असती, तर ही नसती." बोलून गेल्यावर त्यांनाच कसंसं झालं.

सपनबाईनं पोरीची मूठ सोडवली. "हो मास्तर. अन् गिरजा असती. दोन्ही खरं हाय." मग पोरीला आजीकडे देत म्हणाली, "म्हनूनच तं मले सपन नाई पडत." त्यानंतर त्या ओसरीवर तो वाद पुन्हा झाला नाही. कोणी जिंकलं नव्हतं.

माझी बदली झाली तेव्हा ती ब्रह्मपुरीपर्यंत पोचवायला आली. गाडी यायला वेळ होता. ती म्हणाली, "काल तुमच्यासाठी झोपली होती मी." दोन वर्षांनी पहिल्यांदाच. "तुमी म्हाताऱ्या झाल्या होत्या. मोहाखाली बसल्या होत्या. हातात धुऱ्यावरचं औषध होतं. पांढरं. मोहाच्या फुलाएवढं." मी म्हटलं, त्याचा अर्थ काय? चूळ भरायला पाणी नव्हतं, म्हणून ती नुसतीच तोंड पुसून म्हणाली, "अर्थ तुहा तू पाय." तिनं मला अगंतुगं केलं ते तेवढं एकदाच. मग माझी बोटं दाबून म्हणाली, "बाई, आयकलेलं एकदा बोलून दाखवत जा. ज्याचं त्याले परत. चुकलं तं तिथंच समजते." गाडी सुटली तेव्हा ती दुसऱ्याच कोणाच्या तरी गाठोड्यावर बसून झाडांकडे बघत होती. मग मी तिला पुन्हा पाहिलं नाही. ती गेल्याचं पत्र मला फार उशिरा मिळालं, आणि मी ते हातात धरून दारातच रडले.

आता मी म्हातारी आहे. मोहाखाली बसत नाही, गुडघे बसू देत नाहीत. पण त्याच भागातल्या आरोग्यसेविकांच्या शिबिराला मला अजून बोलावतात, आणि ती धुऱ्यावरची गोळी मी पोरींना दाखवते. पांढरीच आहे. आकार मात्र सपनबाईचा चुकला, ती तुळशीच्या पानाहूनही लहान आहे. मी सांगते, की पुरुषाचं बीज बाईच्या शरीरात काही दिवस जिवंत राहून वाट पाहतं, आणि ही गोळी बाईचं बीज बाहेर पडायचं लांबवते, म्हणजे दोघांची गाठ पडत नाही. ते आधीच सुटलेलं असलं तर गोळीचा भरवसा कमी. म्हणून जितकी लवकर तितकी बरी, तीन दिवसांच्या आत तर घ्यावीच. रुजलेलं ती उपटत नाही, दिवस गेले असतील तर तिचा काही उपयोग नाही. कोणीतरी विचारतंच, "बाई, हे पाप नाई का?" काही जाणती माणसं अजूनही मानतात की धुऱ्यावरच्या धानातही जीव आहे, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. मास्तर सांगते, सपनबाई सांगते, ती हसणारी पोर सांगते, आणि गिरजा सांगते. शेवटी म्हणते, ठरवायचं त्या बाईनं, आपण तिला वेळेत आणि खरं तेवढं सांगायचं.

गेल्या खेपेला शिबिर संपल्यावर एक पोरगी मागे रेंगाळली. सगळ्या पांगल्यावर जवळ येऊन, खांबाला धरून, खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, माह्या वहिनीचे दिवस जाऊन राह्यले."

मी तिचे शब्द तिलाच परत म्हणून दाखवले. मग विचारलं, "जाऊन राह्यले, का गेले?"

"जाऊन राह्यले, बाई. काल रातचीच गोष्ट हाय."

मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली, मूठ मिटवली आणि म्हटलं, "पळ."